घर विकायचं, तेही भर उन्हाळ्यात

मैत्रिणींनो, वऱ्हाडात घर विकायच्या गोष्टी उन्हाळ्यातच निघतात. परीक्षा संपलेल्या असतात, नणंदा माहेरपणाला येतात, अन् शाळा उघडायच्या आत बिऱ्हाड हलवायचं असतं.

शिरपूर जैनसारख्या गावात ‘नमुना ८’ हाती असला की झालं, असं पुरुष मंडळी धरून चालतात. पण तो घरपट्टीच्या आकारणीचा उतारा. नुसत्या त्यावर मालकी ठरत नाही. जुनं खरेदीखत, मिळकत पत्रिका आधी शोधा. घर वडिलोपार्जित असेल तर नणंदांशी मोकळं बोला. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला; जैन कुटुंबांनाही हाच कायदा. एकीची सही राहिली, तर इसार दिलेलं गिऱ्हाईकही मागे फिरतं. साडीचोळी करून सही मागू नका बाई, हिश्श्याचा आकडा बोला!

गिऱ्हाईकाला सकाळीच बोलवा. टिनाखाली भर दुपारी कुणाचं मन रमणार? भिंतींना चुना द्या, पाण्याची सोय दाखवा.

आवराआवरीत मात्र जिवाला जपा. माळा सकाळी नऊच्या आत उतरवा, दुपारी बारा ते चार सावलीत बसा. तहानेची वाट न पाहता पाणी, मीठ घातलेलं ताक, कैरीचं पन्हं घ्या. अंग तापून कुणी बरळू लागलं, तर ओल्या फडक्यानं अंग पुसत तडक दवाखाना गाठा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी मुळीच घालू नका.