कॅसिनोपुरती धुराला मुभा

अटलांटिक सिटीतल्या साध्या बारमध्ये कुणी सिगारेट पेटवली, तर त्याला बाहेरचा रस्ता दाखवतात. तोच माणूस कॅसिनोत शिरून झुरके मारत खुशाल जुगार खेळू शकतो. पत्ते वाटणाऱ्या डीलरला मात्र टेबलावरून नजर हटवता येत नाही. धूर तोंडावर आला तरी हात चालूच ठेवावे लागतात.

न्यू जर्सीने २००६ साली बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानबंदी आणली आणि कॅसिनो तेवढे वगळले. ऑक्टोबर २००८ मध्ये शहराने तिथेही पूर्ण बंदी घातली, पण मंदीचे कारण पुढे करून ती काही आठवड्यांतच गुंडाळली. कॅसिनोच्या पाव भागात मुभा कायम राहिली. जणू उरलेल्या पाऊण भागात शिरताना धूर परवानगी मागणार आहे!

'धंदा बुडेल' ही ओरड जुनीच. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेव्हर्ली हिल्सने रेस्टॉरंटांत बंदी घातली, तेव्हा विक्री ३० टक्क्यांनी घटल्याचा गवगवा झाला आणि बंदी सैल करावी लागली. पुढे विक्रीकराचे आकडे तपासले, तर तशी घट दिसलीच नाही. ओरडणाऱ्या मालकांच्या संघटनेमागे तंबाखू कंपन्यांचा हात होता, हेही उघड झाले. २००३ मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांनी न्यूयॉर्कच्या बारमधून सिगारेट हटवली, तेव्हाही हीच भाकिते होती. तिथले बार आजही गजबजलेले आहेत.

गिऱ्हाईक खेळून उठून जाते. कर्मचारी पाळी संपेपर्यंत तिथेच. दुसऱ्याच्या धुराची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही आणि पंखे-झरोक्यांनी तो धोका पुरता टळत नाही, हे अमेरिकेच्या सर्जन जनरलनी २००६ मध्येच स्पष्ट केले होते. कॅसिनोंची ही मुभा रद्द व्हावी म्हणून अटलांटिक सिटीच्या डीलरांची युनियन एप्रिल २०२४ मध्ये कोर्टात गेली. गंमत अशी, की कॅसिनोतल्याच दुसऱ्या युनियनने नोकऱ्या जातील म्हणून तिला विरोध केला. ऑगस्टमध्ये दावा फेटाळला गेला. डीलर अपिलात गेले. पोटाची भीती खरी असते, तिला हसण्यात अर्थ नाही. पण फुप्फुसे गहाण टाकून नोकरी टिकवा, असे कामगारांना सांगणारा कायदा कुणाच्या बाजूचा?

या भीतीला उत्तर फार लांब नाही. फिलाडेल्फियाजवळच्या पार्क्स कॅसिनोने करोनाकाळात बंद केलेले धूम्रपान नंतर स्वतःहून परत आणलेच नाही. पेनसिल्व्हेनियात कमाईच्या यादीत तो आजही आघाडीवर असतो.