थंड इंजिनाची साक्ष

शाळेच्या वार्षिक तपासणीचा दिवस जवळ आला की भिंतींना चुना लागतो आणि मोडकी बाके मागच्या खोलीत जातात. हे आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत. खरे सांगावयाचे तर करीतही आलो आहोत. म्हणूनच गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर मालीमच्या धक्क्यावर एक जुनी डिझेल लाँच पाहावयास गेलो, तेव्हा तिच्या अंगावरचा ताजा निळा रंग पाहून आमच्या मनात आलेली शंका नाविकाची नव्हती, हेडमास्तराची होती.

लाँच घेणार होता आमचा एक जुना विद्यार्थी. वीस वर्षे जहाजांच्या इंजिनखोलीत काढून तो गावी परतला होता, आणि साठवलेला पैसा मासेमारीत घालावा असे त्याच्या मनात होते. विकणारे होते आमच्याच वाड्यावरचे वृद्ध तांडेल. मुले नोकरीनिमित्त दूर गेलेली. समुद्रावर जाण्याचे त्यांचे वय सरलेले. "सर, इंजिन मला कळते," विद्यार्थी म्हणाला, "पण तांडेलकाकांपुढे मला तोंड उघडवत नाही. तुम्ही बरोबर चला." भीड ही भिकेची बहीण हे आम्ही वर्गात कितीदा शिकविले असेल, परंतु शेजाऱ्याच्या वस्तूत खोट काढावयाची वेळ आली की ती म्हण फळ्यावरच राहते.

आम्ही पोहोचलो तेव्हा इंजिन बंद होते. विद्यार्थ्याने त्यावर हात ठेवला आणि आमच्याकडे नुसते पाहिले. ते कोमट होते. जुन्या डिझेल इंजिनाची खरी परीक्षा त्याच्या पहिल्या, थंड सुरुवातीत असते. सिलिंडरमधला दाब कमी झालेला असला, तर थंड इंजिन कुरकुरत, पांढरा धूर ओकत चालू होते. एकदा तापवून ठेवले की तेच शहाण्या मुलासारखे वागते. शिवाय इंजिनाखालच्या तळालाही नवा रंग होता, आणि तेल गळत असल्याच्या खुणा असतात त्या तिथेच. काही वेळ कोणीच बोलेना. शेवटी आम्हीच म्हणालो, "तांडेल, आम्ही परवा पहाटे येतो. तोवर इंजिनाला हात लावू नका." त्यांचा चेहरा उतरला, पण मान हलली.

परवा पहाटे इंजिन थंडगार होते. तेलाची काठी काढून पाहिली. तेल काळे होते, पण दुधाळ नव्हते. दुधाळ असते तर पाणी आत शिरल्याची ती खूण ठरली असती. इंजिन दुसऱ्या प्रयत्नाला सुरू झाले, थोडा पांढरा धूर आला आणि विरला. निळा धूर येता तर इंजिन तेल जाळीत आहे असे समजावयाचे. धूर पाहून झाल्यावर इंजिनावरचा क्रमांक कागदपत्रांतल्या क्रमांकाशी ताडून पाहिला. नोंदणी, परवाना, बँकेचा बोजा हे सारे आदल्या दिवशीच वाचून झाले होते, आणि त्यात काही गोम नव्हती.

मग निघालो. मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ, रेतीचा बांध आहे; पावसाळ्यात तेथून ये-जा बंद असते, आणि एरवीही भरती-ओहोटी पाहूनच जावे लागते. धक्क्याजवळ एक फेरी मारून समाधान मानणारे गिऱ्हाईक फसते, असे विद्यार्थ्याचे म्हणणे. इंजिनावर पूर्ण भार पडून अर्धा तास तरी गेला पाहिजे. त्याने वेग हळूहळू वाढवीत नेला. पाटीवर लिहिलेल्या पूर्ण फेऱ्या इंजिन देते की नाही ते पाहिले, आणि तेलाचे झाकण किंचित उघडून आतून धुराचे झोत येत नाहीत ना याचीही खात्री केली. फेऱ्या पुऱ्या भरल्या, धूरही काळा झाला नाही. प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध असे दोन्हीकडून चालविले, सुकाणू दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरविले, उलट्या चालीने थांबवून पाहिले. पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथे थेंबाथेंबाने पाणी येत होते. तेवढे यावयाचेच, धार लागता कामा नये. मात्र विसाव्या मिनिटानंतर तापमानाचा काटा सरकू लागला. मागे वाकून पाहिले तो थंडाव्याचे पाणी बारीक धारेने बाहेर पडत होते. समुद्राचे पाणी खेचणाऱ्या पंपाची रबरी पाती झिजलेली असावी किंवा पाण्याच्या वाटेत क्षार साचलेले असावेत, असा विद्यार्थ्याचा तर्क होता. दुरुस्त होण्याजोगे, पण दुर्लक्ष केले तर इंजिनच जावयाचे.

आता तळ पाहणे उरले. लाँच घसरणीवर ओढून घेतली. लाकडी बोटीच्या फळ्यांवर लहान हातोडीने ठोकीत जावयाचे. खणखणीत आवाज येतो तिथे लाकूड शाबूत, दबका येतो तिथे कुजलेले अथवा समुद्रातल्या किड्याने पोखरलेले. विद्यार्थी नाळेकडून ठोकीत निघाला. तो अर्ध्यावर असताना तांडेल उठले, त्यांनी हातोडी मागून घेतली आणि इंजिनाच्या बैठकीखालच्या दोन फळ्यांवर स्वतःच ठोकून दाखविले. मडक्यासारखा आवाज आला. "रंग याच्यासाठी दिला होता, मास्तर," ते म्हणाले, आणि पुढे काही बोलले नाहीत.

किंमत फळ्यांच्या आणि पंपाच्या खर्चाइतकी खाली आली. त्यासाठी कोणाला घासाघीस करावी लागली नाही. नव्या फळ्या बसल्या, सांध्यांत कापूस ठोकून झाला. दुसऱ्या चाचणीला काटा तासभर जागचा हलला नाही. त्या दिवशी रेतीच्या बांधावरून लाँच बाहेर काढताना सुकाणू तांडेलांच्या हाती होते.