आकडा मोठा, लक्षण खोटं

रोलचा कॅमेरा बाजूला ठेवून डिजिटल घ्यायचा म्हटलं, की काल्हेरात सल्लागारांचं पीक येतं. सोसायटीतले काका, दुकानातला पोरगा, मोबाइलवर रोज व्हिडिओ बघणारा भाचा. तिघांचा प्रश्न एकच: "झूम किती?" भिंग कसं आहे, सेन्सर केवढा, अंधारात काय होतं, हे कुणी विचारत नाही. साठ एक्स ऐकलं की मान डोलते, सव्वाशे एक्स ऐकलं की डोळे पांढरे होतात.

अरे, पण हा एक्स म्हणजे काय? लेन्सच्या सगळ्यात लांब फोकल लेंग्थला सगळ्यात आखूड फोकल लेंग्थनं भागायचं, झाला एक्स. चौथीतला भागाकार! १८-५५ ची लेन्स ३ एक्स आणि २००-६०० ची लेन्सही ३ एक्सच. पहिलीत मांडवातलं अख्खं वऱ्हाड मावतं, दुसरीत खाडीपल्याडचा बगळा. ज्या आकड्याला वऱ्हाड आणि बगळा यांतला फरक कळत नाही, त्याच्या भरवशावर घामाचा पैसा ओतायचा?

आता या पंथाचं आराध्य दैवत घ्या. २०१८ साली आलेला निकॉनचा कूलपिक्स पी१०००. १२५ एक्स, २४ ते ३००० मिमी. डोळे दिपतात ना? प्रत्यक्षात भिंगाची फोकल लेंग्थ ४.३ ते ५३९ मिमी. उरलेले अडीच हजार आले कुठून? सेन्सर इवलासा, म्हणून रोलच्या हिशोबात आकडा फुगतो. साधारण ६.२ बाय ४.६ मिमी, म्हणजे २८ चौरस मिलिमीटर. तुमच्या जुन्या कॅमेऱ्यातल्या निगेटिव्हची एक चौकट ३६ बाय २४ ची, म्हणजे ८६४. तीस पट मोठी! पुढे जाण्यासाठी नवा कॅमेरा घेताय आणि प्रकाश टिपणारी जागा तीस पटीनं घालवताय.

आणि पूर्ण झूमला भिंगाचं तोंड एफ८ वर येतं. कडक उन्हात, आयएसओ १०० ला, एफ८ वर शटर मिळतो १/४०० चा. हातात धरून ३००० मिमीवर फोटो काढायचा, तर 'शटर म्हणजे एक भागिले फोकल लेंग्थ' या जुन्या नियमानं १/३००० हवा. म्हणजे भर दुपारी आयएसओ ८०० च्या घरात. आषाढातल्या ढगाळ सकाळी काय करणार? या यंत्राचा आयएसओ ६४०० लाच संपतो. "पण त्यात हात स्थिर करणारी यंत्रणा असते!" असते, आणि चांगली असते. ती तुमच्या हाताला आवरते, बगळ्याला नाही. खाडीवरची तापलेली हवा थरथरते, तिलाही नाही.

आपल्याकडे कॅमेऱ्याची खरी परीक्षा हळदीला होते. रात्रीची वेळ, मांडवात निळे-जांभळे दिवे, डीजे, नाचणारी माणसं. मामा मागच्या खुर्चीवरून झूम ताणतात. पडद्यावर नवरी छान दिसते. घरी जाऊन फोटो मोठा करा. गालावरचे हळदीचे कण गायब, केसांची बट कपाळात विरघळलेली, मुंडावळ्यांचे मोती एकमेकांना चिकटलेले. कॅमेऱ्यानं अंधारात उठणारे ठिपके मारायला सफाई केली आणि सफाईत चेहराही पुसला. जुन्या ५० मिमी एफ१.८ लेन्सनं चारशेच्या रोलवर याच मांडवात ओळखू येणारी माणसं टिपली होती.

यावर कडी म्हणजे डिजिटल झूम. तो झूम नव्हेच, ती कात्री आहे. १६ मेगापिक्सेलचा फोटो दुप्पट ताणलात तर हातात ४ उरतात, चौपट ताणलात तर १. ही कात्री घरी, फुकट, सावकाश चालवता येते. तिच्यासाठी पैसे का मोजायचे?

"मग चंद्र?" हो, चंद्राचा फोटो हे कॅमेरे झकास काढतात. चंद्र उन्हात असतो आणि नाचत नाही. महिन्यातून चार रात्री चंद्रच टिपणार असाल तर खुशाल घ्या. बारशाचे, हळदीचे, गणपतीचे फोटो हवे असतील तर एक्स विसरा.

मी सांगतो काय बघायचं. आधी सेन्सर, मग भिंगाचं तोंड, झूम शेवटी. एकाच लेन्सचा कॅमेरा हवा तर निदान एक इंची सेन्सरचा घ्या. सोनीच्या आरएक्स१० च्या चौथ्या आवृत्तीचा झूम २५ एक्सच, पण सेन्सर चौपट आणि ६०० मिमीलाही एफ४. नाहीतर सरळ वापरलेला डीएसएलआर घ्या. ७०-३०० ची लेन्स लावलीत की ४५० चा पल्ला मिळतो, आणि सेन्सर त्या इवल्याशा सेन्सरच्या तेरापट. जुना कॅमेरा निकॉनचा असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याची लेन्स काढून ठेवा. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासून चालत आलाय. डी७००० सारख्या बॉडीवर अशा बऱ्याच जुन्या लेन्स प्रकाशही मोजून देतात. डी३००० आणि डी५००० च्या मालिकेत मात्र मोजमाप तुमचं तुम्हाला करावं लागेल. कॅननवाल्यांनो, १९८७ साली तुमचा माउंट बदलला, त्यामुळे आधी चौकशी करा.

काल्हेर, पूर्णा, राहनाळ, जिकडे बघावं तिकडे गोदामं. खोक्यावर छापलेलं एक आणि आतला माल दुसरा, हे इथल्या हमालालाही कळतं. तेच शहाणपण कॅमेऱ्याच्या दुकानात शिरताना उंबऱ्याबाहेर का ठेवता? दुकानदारानं आकडा फेकला की त्याला एकच सांगा: दिवे बंद कर आणि याच कॅमेऱ्यानं तुझा स्वतःचा फोटो काढून दाखव.