मोटारीतला व्होल्टाचा घट

विद्यार्थी मित्रहो, व्होल्टाचा घट तुम्ही प्रयोगशाळेत पाहिला असेल. दोन निरनिराळे धातू, त्यांना जोडणारी तार आणि मिठाचे वा आम्लाचे पाणी एवढे जमले, की वीज वाहू लागते. असाच घट रस्त्यावरच्या मोटारीतही नकळत तयार होतो. हे मात्र आम्ही शिक्षक सहसा सांगत नाही.

1948 साली ब्रिटनमध्ये लँड रोव्हर गाडी निघाली. महायुद्धानंतर पोलादाची टंचाई होती, म्हणून बॉडीचे बरेचसे पत्रे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले. चॅसी पोलादाचीच राहिली. जेथे हे दोन धातू एकमेकांना टेकले आणि फटीत खारट ओल साचली, तेथे घट पुरा झाला. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा संरक्षक थर असतो खरा, पण मीठ तो फोडते. मग पोलादापेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडणारे ॲल्युमिनियमच झिजू लागते. अशा जुन्या गाड्यांच्या सांध्यांवर त्याची पांढरी भुकटी आढळते.

यावर उपाय काय? "झिजणाऱ्या धातूला रंग द्या," असे बहुतेक जण म्हणतील. माझ्या मते हे उत्तर फसवे आहे. त्या रंगाला एक ओरखडा पडला, की शेजारच्या उघड्या पोलादाच्या मोठ्या पृष्ठभागामुळे झिजेचा सारा मारा त्या एवढ्याशा ओरखड्यावर होतो आणि पत्र्याला भोक पडते. म्हणून रंग दोन्ही धातूंना द्यावा. एकालाच द्यायचा झाला, तर तो पोलादाला द्यावा!

त्याहून चांगला मार्ग म्हणजे विद्युत्-मंडलच तोडणे. दोन धातूंच्या मध्ये प्लॅस्टिकची चकती किंवा वीज न वाहणाऱ्या चिकट द्रव्याचा थर ठेवावा, पोलादी रिव्हेटवर योग्य लेप द्यावा आणि सांध्यात पाणी साचू देऊ नये. अमेरिकेतील फोर्ड कंपनीने 2015 सालच्या एफ-150 गाडीला पोलादी चॅसीवर ॲल्युमिनियमची बॉडी दिली. वजन घटले की इंधन वाचते; पण सांध्यांची काळजी आराखड्यातच घेतली नाही, तर ती बचत गंजात जाते.

घट भौतिकीच्या तासाला आणि गंज रसायनाच्या, ही भिंत शिक्षकांनी पाडावी, अशी माझी विनंती आहे. आणि मित्रहो, तुम्ही मिठाच्या पाण्यात तीन लोखंडी खिळे वेगवेगळ्या भांड्यांत ठेवा. एकाला तांब्याची तार घट्ट गुंडाळा, दुसऱ्याला जस्ताची पट्टी, तिसरा तसाच राहू द्या. आठवड्याने कोणता खिळा सर्वांत जास्त गंजला, कोणता वाचला आणि का, हे वर्गात सांगा.