मोटार वर काढण्याआधी फ्यूज बघा



विहिरीवरची मोटार अचानक बंद पडली तर आपल्यापैकी कोणी पहिल्या झटक्याला ती वर काढून वायंडिंगवाल्याकडे नेत नाही. आधी डीपीवरचा फ्यूज बघतो. तिन्ही फेज आल्या का ते बघतो. स्टार्टर ट्रिप झाला असेल तर रिसेट दाबतो, केबलचे जोड तपासतो. एवढे करूनही मोटार उठली नाही तरच चेनपुलीचा विचार. ही अक्कल कोणत्या पदवीने दिलेली नाही, पदरच्या खर्चाने शिकवली आहे.

पण त्याच घरातला लॅपटॉप अचानक काळाठिक्कर पडला, बटण दाबून ना दिवा ना आवाज, की तो पिशवीत घालून थेट सोलापूरचा रस्ता धरला जातो. समोरचा म्हणतो, ‘बोर्ड गेला.’ आपण मान डोलावतो आणि हजारो रुपये मोजतो. मोटारीपुढे शहाणा असलेला शेतकरी लॅपटॉपपुढे अडाणी का होतो? आमचे उत्तर सरळ आहे. यंत्र अवघड आहे म्हणून नव्हे, तर ते आपल्या समजण्यापलीकडचे आहे अशी आपली समजूत करून दिली गेली आहे म्हणून.

काही कार्यकर्ते विचारतील, मालाच्या भावाचे बोलायचे सोडून हे काय काढले? त्यांनी आठवून पाहावे. २०१७ च्या कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायला लावले तेव्हा गावोगावी रांगा लागल्या होत्या. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून संगणकावर आला. पीकविमा, अनुदान, सगळ्याचा अर्ज ऑनलाइन. विम्याच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी गावातल्या केंद्रावरचा एकुलता एक लॅपटॉप बंद पडला, तर नुकसान केंद्रचालकापुरते राहत नाही. रांगेतल्या प्रत्येकाचा हंगाम उघडा पडतो. पेरणीयंत्राइतकेच हेही आता शेतीचे अवजार आहे.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा, मोटारीचाच आहे. आधी खात्री करा की वीज खरोखरच गेली आहे. पंखा फिरतो, दिवा लागतो आणि फक्त पडदा काळा आहे, तर तो आजार वेगळा. काहीच हलत नसेल तर भिंतीतल्या सॉकेटवर मोबाइलचा चार्जर लावून पाहा. एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला काढा. मग चार्जरचा ठोकळा बघा. दिवा असेल तर तो लागतो का, भिंतीकडची वायर ठोकळ्यात घट्ट बसली आहे का, लॅपटॉपकडच्या टोकाशी वायर पिचली आहे का. निम्मे दुखणे अनेकदा इथेच सापडते.

चार्जर ठीक वाटला तर तो काढा. बॅटरी बाहेर निघणारी असेल तर तीही काढा. आता चालू करायचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा. आत अडकून राहिलेला भार निघून जातो. स्टार्टरचे रिसेट दाबावे तसेच हे. मग बॅटरी न लावता फक्त चार्जरवर चालू करा. उठला तर दोष बॅटरीकडे. बॅटरी आतच बसवलेली असेल तर चार्जर काढून बटण तेवढाच वेळ दाबा आणि चार्जर पुन्हा लावा.

तरीही मुका असेल तर दुसऱ्याचा चार्जर लावून पाहा. पिन तीच हवी, लेबलवरचे व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त. गोल पिनेचा चार्जर वायरमनच्या मीटरवरही तपासता येतो. लेबलवर १९ किंवा १९.५ व्होल्ट छापले असतील तर जवळपास तेवढे मिळाले पाहिजेत. चार्जर चांगला, सॉकेट चांगले आणि लॅपटॉप तरीही गप्प, तर दोष पिनेच्या खाचेत किंवा बोर्डात. आता दुकानात जा, पण हे सगळे तपासले आहे असे सांगून जा. बदललेला जुना भाग परत मागा आणि पावती घ्या.

दोन गोष्टी मात्र हात लावायच्या नाहीत. चार्जरचा ठोकळा उघडू नका, वायर काढल्यावरही आत मोठा भार राहू शकतो. आणि बॅटरी फुगलेली दिसली तर चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. ती आग धरते.

आणखी एक. लॅपटॉप बंद पडला म्हणजे आतली माहिती गेली असे नाही. पाणी मोटारीत नसते, विहिरीत असते. माहिती डिस्कमध्ये असते, आणि बहुतेक लॅपटॉपमधून डिस्क काढून दुसऱ्याला जोडता येते. काही नव्या पातळ लॅपटॉपात ती बोर्डावरच डकवलेली असते. म्हणून गावाच्या कागदांची एक प्रत बाहेर ठेवलीच पाहिजे.

आता मूळ दुखण्याकडे. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असते. डीपीवरचा न्यूट्रल तुटला की घरात २३० च्या जागी तीनशेच्या वरही व्होल्टेज येऊ शकते. एका झटक्यात टीव्ही, बल्ब, चार्जर सगळे जळते. रोहिणीच्या विजा तर वेगळ्याच. दक्षिण सोलापुरात फताटेवाडीला १३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प उभा आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेची ग्रिड उर्वरित देशाशी एका तालात जोडली गेली. देशाची वीज जिथे जोडली जाते, त्या जिल्ह्यातल्या वाडीवस्तीवर न्यूट्रलचा जोड धड नसावा, याला काय म्हणायचे?

तेव्हा जळालेले सामान मुकाट्याने भंगारात घालू नका. तारीख, वेळ आणि शेजारपाजारच्या घरांतले नुकसान लिहून लेखी तक्रार द्या, पोच घ्या. वीज कायदा २००३ प्रमाणे ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहे. दुकानदाराने फसवले तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोग आहे.

दुरुस्तीचा हक्क हाही शेतकऱ्याचाच प्रश्न आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली. तिने धरलेल्या चार क्षेत्रांत मोबाइल-टॅबलेटच्या बरोबरीने शेती अवजारेही होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल निघाले. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतकऱ्याला आपले यंत्र आपण दुरुस्त करण्याचा हक्क कायद्याने दिला. कंपन्यांना सुटे भाग, हत्यारे आणि माहितीपुस्तके देणे भाग पडले. ट्रॅक्टर असो की लॅपटॉप, पैसे आम्ही मोजायचे आणि किल्ली कंपनीने ठेवायची, हा व्यवहार आम्हाला मान्य नाही.

जिल्हा बैठकीपुढे आमच्या तीन सूचना आहेत. प्रत्येक तालुक्यात एक मीटर, दोन-तीन प्रकारचे चार्जर आणि ते वापरणारी दोन पोरे तयार करावीत. डीपीवरच्या न्यूट्रलची तपासणी मृगापूर्वी व्हावी, अशी मागणी गावागावातून लेखी जावी. आणि दुरुस्तीच्या हक्काचा ठराव, शेती अवजारांपासून संगणकापर्यंत, या बैठकीत मंजूर व्हावा. ज्याला आपली मोटार कळते त्याला हेही कळते. कळत नाही असे सांगणाऱ्याचा त्यात काय फायदा आहे, एवढे फक्त विचारायला शिका.