उचला आणि भिरकावा!

माइनक्राफ्टमध्ये 'स्प्रेडप्लेयर्स' कमांड वापरली की काही मंडळी "ही तर चीटिंग!" म्हणून ओरडतात. मला हे अजिबात पटत नाही.

ओरडतं कोण ते बघा. जे पहिल्या दिवसापासून खेळतायत, ते! सगळे एकाच ठिकाणी उतरणार म्हटल्यावर जवळची झाडं, कोळसा, लोखंड यांनी आधीच ओरबाडलेलं असतं. मागाहून आलेल्या पोराने काय नुसती माती उकरायची? वर त्यालाच ऐकवायचं, "चाल की जरा लांब." रात्री झॉम्बी मागे लागल्यावर किती चालणार तो?

कमांड करते काय? मध्यबिंदू, दोघांमधलं किमान अंतर आणि कमाल पल्ला सांगितला की त्या टापूत सगळ्यांना कुठेही भिरकावते. तेही पाण्यात किंवा लाव्हात नाही, जमिनीवर! जवळपास ६ कोटी ब्लॉक रुंदीच्या जगात जागेला काय तोटा?

खरी लबाडी आहे ती त्यातल्या ट्रू-फॉल्समध्ये. ट्रू दिलं की एका टीमचे सगळे एकत्र पडतात. म्हणजे आपला कंपू शाबूत आणि नवखा एकटा! तेव्हा फॉल्स द्या राव, आणि स्वतःलाही वगळू नका.

बाकी पायपीट आवडणाऱ्यांना कोणी अडवलंय?