'नाही' म्हणण्यापूर्वी

वाचकहो, ईश्वराच्या वादात आपले काही तरुण 'नाही' हा शब्द असा उच्चारतात, की जणू तोही एखाद्या पोथीतूनच आला आहे! भटजीचे 'आहे' प्रश्न ऐकून घेत नाही. ह्यांचे 'नाही'ही ऐकत नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याला निघालेल्या वृद्ध आईची टवाळी केली, की ह्यांचा बुद्धिवाद सिद्ध झाला.

ह्याच सोलापुरात १९३८ च्या आरंभी बाबासाहेब ख्रिस्ती समाजाच्या सभेत बोलले. हिंदू म्हणून मरणार नाही, हे येवल्यास १९३५ सालीच जाहीर झाले होते. जावे कोठे, हे ठरायचे होते. बुद्ध आणि ख्रिस्त ह्या दोघांचा आपण विचार करीत आहो, असे त्यांनी त्या सभेत मोकळेपणाने सांगितले, आणि दक्षिणेतील ख्रिस्ती मंडळींतल्या जातिभेदावर बोटही ठेवले. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास निर्णय झाला. एकवीस वर्षांची चिकित्सा! हे दोन्ही डगरींवर हात ठेवणे नव्हते.

तथागतांनी वासेट्ठ व भारद्वाज ह्या ब्राह्मण तरुणांना एवढेच विचारले, की तुमच्या आचार्यांपैकी कोणी ब्रह्मा प्रत्यक्ष पाहिला आहे काय? पुराव्याचा भार 'आहे' म्हणणाऱ्यावरच राहिला. मात्र त्या तरुणांची हेटाळणी झाली नाही.

आणि कालामांना त्यांनी बजावले, की केवळ गुरू सांगतो म्हणूनही मानू नका. तेव्हा 'आपण देव का मानीत नाही?' असे घरातल्या मुलाने विचारल्यास 'बाबासाहेबांनी सांगितले म्हणून' एवढ्यावर त्याची बोळवण करू नका. त्याला वासेट्ठाची कथा सांगा, आणि त्याचा पुढचा प्रश्नही ऐकून घ्या.